दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये स्टँडअप कॉमेडी शिकता येते का?

कॉलेजचा कट्टा असो, ऑफिसखालची चहाची टपरी असो की लग्नाचा मांडव, प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच. तो बोलायला लागला की बाकीचे पोट धरून हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, तू स्टँडअप का करत नाहीस?" हे वाक्य तीन-चार वेळा कानावर पडलं की डोक्यात किडा वळवळायला लागतो. आणि इन्स्टाग्रामला तर सगळंच आधी कळतं. दुसऱ्या दिवशी फीडमध्ये जाहिरात हजर: शनिवार-रविवार दोन दिवसांचं वर्कशॉप, शेवटी स्टेजवर पाच मिनिटं, वर सर्टिफिकेट.

पैसे भरायचे का? तिथे नेमकं काय शिकवतात? आणि मुळात विनोद ही शिकवायची गोष्ट आहे का?

उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे. विनोदबुद्धी कुणी शिकवू शकत नाही. पण आपल्या बोलण्यात हशा नेमका कुठे दडलाय, तो शोधून आजूबाजूचा पसारा कसा कापायचा, हे शिकवता येतं. मित्रांमध्ये हा पसारा खपून जातो, कारण ते तुम्हाला दहा वर्षं ओळखतात. स्टेजसमोरचा माणूस तुम्हाला दहा सेकंदांपासून ओळखत असतो.

एकपात्री, हास्यजत्रा आणि स्टँडअप: फरक काय?

एका माणसाने उभं राहून शेकडो लोकांना हसवणं मराठी माणसाला नवीन नाही. तमाशातली बतावणी आहे, भारूड आहे. पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ व्यक्तिरेखा करायचे. टीव्हीवर २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' घराघरात पोहोचले.

पण यातलं काहीच स्टँडअप नाही. एकपात्रीमध्ये कलाकार दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात शिरतो. स्किटमध्ये वेशभूषा असते, सहकलाकार असतात, लेखक बहुतेक वेळा वेगळा असतो. स्टँडअपमध्ये फक्त 'मी' असतो. माझं घर, माझी नोकरी, माझी चीड, आणि तीही मीच लिहिलेली. शिवाय कथाकथनात श्रोता निवांत बसलेला असतो, व्यक्तिरेखा रंगेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबायची त्याची तयारी असते. स्टँडअपचा प्रेक्षक थांबत नाही. मिनिटाला साधारण चार हशे हवेत, असा ढोबळ हिशेब वर्कशॉपमध्ये सांगतात. पु.लं.च्या कॅसेट ऐकत मोठ्या झालेल्या मराठी मुलांची पहिली अडचण इथेच होते. त्यांना प्रस्तावना फार आवडते.

भारतात स्टँडअपची सध्याची लाट तशी तरुणच आहे. २००५ मध्ये 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आला आणि सुनील पाल जिंकला, पण तिथे नकला आणि चुटकुले यांचा भर होता. २०१० मध्ये लंडनच्या कॉमेडी स्टोअरने मुंबईत लोअर परळला शाखा काढली, तेव्हा फक्त कॉमेडीसाठी बांधलेलं स्टेज मिळालं. ही शाखाच पुढे कॅनव्हास लाफ क्लब झाली. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी भाडिपा सुरू केलं आणि मराठी स्टँडअप यूट्यूबवर दिसू लागलं. २०१८ मध्ये ॲमेझॉनवर 'कॉमिकस्तान' आलं. त्यात नवख्या कॉमेडियनना वेगवेगळे प्रकार शिकवायचे आणि मग प्रेक्षकांसमोर उभं करायचं. एका अर्थाने अख्ख्या देशाने बघितलेलं ते वर्कशॉपच. २०१९ च्या दुसऱ्या सीझनचा एक संयुक्त विजेता समय रैना हा पुण्यात इंजिनीअरिंग करता करता ओपन माइकला जाऊ लागलेला मुलगा होता.

पहिला दिवस: जोक नाही, यादी

बहुतेक जण वर्कशॉपला तयार जोक घेऊन येतात. पहिल्या तासात तेच बाजूला ठेवायला सांगतात आणि हातात कागद देतात. लिहा: तुम्हाला कशाची चीड येते, कशाची लाज वाटते, कशाची भीती वाटते.

ही पद्धत अमेरिकेतली आहे. जूडी कार्टर यांच्या १९८९ च्या 'स्टँडअप कॉमेडी: द बुक'पासून ती रुळली. कोणत्याही विषयाला चार बाजूंनी भिडा, असं त्या सांगतात: यात अवघड काय आहे, विचित्र काय आहे, भीतीदायक काय आहे, मूर्खपणाचं काय आहे? 'मुंबई लोकल' हा नुसता विषय झाला. 'लोकलमध्ये चौथी सीट मागताना मी अपराध्यासारखा का हसतो' हा प्रिमाइस झाला, म्हणजे ज्यावर जोक उभा राहतो ते मत. विषय सगळ्यांकडे सारखेच असतात, मतं वेगळी असतात.

याच टप्प्यावर अनेकांचा हिरमोड होतो. आपण मजेशीर आहोत असं वाटत होतं आणि कागदावर काहीच मजेशीर दिसत नाही. हे अगदी नॉर्मल आहे. कागदावरचा कच्चा माल बहुधा रडकाच असतो.

मग जोक घडतो कसा?

एक उदाहरण बघू. समजा एका मुलाच्या यादीत आहे: 'बाबा रिटायर झाल्यापासून सगळ्यांच्या खोलीतल्या लाइट बंद करत फिरतात.' तो उभा राहतो आणि सांगतो:

"माझे बाबा ना एमएसईबीत होते, म्हणजे आता रिटायर झालेत, मागच्या वर्षी, मे महिन्यात, तर ते आता घरीच असतात, आणि त्यांना सवयच लागलीय की कुठेही लाइट चालू दिसली की बंद करायची, म्हणजे आपण आत असलो तरी, तर आम्ही घरात गमतीने म्हणतो की यांचं लोडशेडिंग चालू आहे."

वर्ग हसत नाही. दोघं-तिघं कौतुकाने मान हलवतात. हे हसू न येण्यापेक्षा वाईट.

आता कात्री. मे महिन्याने काही फरक पडत नाही, गेला. 'आम्ही गमतीने म्हणतो' म्हणजे पुढे जोक येतोय याची दवंडी, तेही गेलं. उरतं ते असं:

"माझे बाबा तीस वर्षं एमएसईबीत होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. तरी आमच्या घरात रोज दोन तास... लोडशेडिंग."

पहिली दोन वाक्यं म्हणजे सेटअप. रिटायर झाले म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात एक चित्र तयार होतं: नोकरी संपली, आता माणूस घरी आराम करणार. शेवटचा शब्द ते चित्र मोडतो, तो पंच. ग्रेग डीन या अमेरिकी शिक्षकाने २००० साली आलेल्या पुस्तकात याचीच मांडणी केलीय: सेटअपमधून ऐकणाऱ्याचं एक गृहीतक तयार होतं, आणि पंच त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ पुढे करतो.

इथे मराठीची एक खास भानगड आहे. इंग्रजीतून आलेला नियम सांगतो की पंचचा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी हवा, कारण तो आला की लोक हसायला लागतात आणि पुढचं ऐकू येत नाही. पण मराठीत शेवटी क्रियापद येतं. 'लोडशेडिंग करतात' म्हटलं की 'करतात' हशावर पाय देतं. 'लोडशेडिंग चालू असतं ना आमच्याकडे' म्हटलं तर हशा मेलाच. यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. मराठीत शब्द मागेपुढे करता येतात आणि क्रियापद गिळताही येतं. 'काय केलं बाबांनी? लोडशेडिंग.' गप्पांमध्ये आपण असं सहज बोलतो, पण लिहायला बसलो की शाळेतला निबंध आठवतो आणि प्रत्येक वाक्याला 'आहे' लागतं. म्हणून जोक आधी मोठ्याने बोला, मग लिहा.

पंच बसला की त्याच सेटअपवर आणखी हशे काढतात, त्यांना टॅग म्हणतात:

"मी अंघोळीला गेलो, लाइट गेली. आतून ओरडलो. बाहेरून आवाज: 'तुमची तक्रार नोंदवली आहे.' आई म्हणाली, अहो, पोरगा आत आहे. तर म्हणाले, 'आज गुरुवार.'"

शेवटची ओळ पुण्यात चालेल, कारण तिथे गुरुवार हा वीज दुरुस्तीचा आणि पाणी बंद असण्याचा वार. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या हॉलमध्ये लोक एकमेकांकडे बघतील. लोकल संदर्भ हे मराठी स्टँडअपचं बळ आहे आणि तीच त्याची हद्दही आहे, त्यामुळे गाव बदललं की टॅग बदलायची तयारी ठेवावी लागते.

'बाहेरून आवाज' हे नुसतं सांगण्याऐवजी मान वळवून, सरकारी हेल काढून बाबा होऊन बोललं तर तो ॲक्ट-आउट. एकपात्रीच्या संस्कारात वाढलेल्यांना हा भाग पटकन जमतो. फक्त दोन वाक्यांत परत 'मी'वर यायचं भान हवं. आणि तीन मिनिटांनी, वेगळ्याच विषयावर बोलताना: "घरी सांगितलं, मला एक मुलगी आवडते. बाबा शांत. मग म्हणाले, 'तुमची तक्रार नोंदवली आहे.'" हा कॉलबॅक. जुनी ओळखीची गोष्ट अनपेक्षित जागी भेटली की लोक जास्त हसतात. नवख्यांच्या सेटमध्ये सगळ्यात मोठा हशा अनेकदा यालाच मिळतो.

मराठीत करायचं, हिंदीत की सरमिसळ? वर्कशॉपमध्ये हा वाद हमखास होतो. आमचं मत विचाराल तर ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता, त्या भाषेत पहिली पाच मिनिटं लिहा.

माइक, स्टँड आणि तो टॉर्च

हा भाग अर्ध्या तासात होतो. माइक स्टँडवरून काढला की स्टँड बाजूला किंवा मागे ठेवा, नाहीतर पूर्ण सेट त्याच्याआड लपून होतो. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज घुसमटतो. हशा आला की थांबा, त्यावर बोलू नका. हॉलच्या मागून मोबाइलचा टॉर्च दिसला की वेळ संपत आलीय, बहुतेक ठिकाणी एक मिनिट उरलेलं असतं. त्याला 'लाइट दिली' म्हणतात. लाइट मिळाल्यावरही बोलत राहणाऱ्याला आयोजक पुढच्या वेळी बोलावत नाहीत, कारण त्याने खाल्लेली मिनिटं दुसऱ्या कुणाची तरी असतात.

शेवटच्या शोमधली टाळी फसवी असते

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शो. समोर कोण? इतर विद्यार्थी, त्यांचे रूममेट, कुणाची तरी मावशी. सगळे हसायचं ठरवूनच आलेले. तुमचे जोक वर्गाने दोन दिवस ऐकलेत, कुठे हसायचं हे त्यांना पाठ आहे. व्हिडिओ येतो, स्टोरी पडते, आणि सोमवारी ऑफिसमध्ये आपण कॉमेडियन असतो.

मग पहिला खरा ओपन माइक. एखादा कॅफे, मागे कॉफी मशीनचा घर्रर्र आवाज, नावनोंदणी केलेले पंधरा-वीस कॉमेडियन आणि त्यांच्यापेक्षा कमी प्रेक्षक. समोर बसलेले बरेचसे स्वतःच आपली पाळी येण्याची वाट बघत मोबाइलमधले जोक घोकत असतात. प्रत्येकाला तीन ते पाच मिनिटं. शोमध्ये टाळ्या घेतलेला तोच जोक इथे शांततेत पडतो. ही शांतता मिनिटभर टिकते, पण उभ्या माणसाला ती तासभराची वाटते. इंग्रजीत याला बॉम्ब होणं म्हणतात. आपल्याकडे सरळ 'पडलो' म्हणतात.

वर्कशॉप करणाऱ्यांपैकी कितीतरी जण इथेच थांबतात. त्यात काही गैर नाही. पण थांबण्याआधी एक माहीत असू द्या. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. 'कॉमेडियन' नावाची २००२ सालची डॉक्युमेंटरी आहे. त्यात जेरी साइनफेल्ड जुना सगळा मजकूर फेकून नव्याने सुरुवात करतो आणि छोट्या क्लबमध्ये मधेच विसरतो, अडखळतो. तेव्हा तो टीव्हीवरच्या सगळ्यात यशस्वी माणसांपैकी एक होता. ख्रिस रॉकही मोठ्या दौऱ्याआधी न्यू जर्सीतल्या छोट्या क्लबमध्ये वही घेऊन जोक तपासायला जायचा. लोक कुठे हसतात हे घरी बसून त्यांनाही कळत नव्हतं.

म्हणून वर्कशॉपमधली सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे रेकॉर्डिंग. प्रत्येक सेट फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हशा, हलका हशा, शांतता. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षा आहे, मान्य. पण आठवणीतला हशा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. एक ओळ तीन वेगवेगळ्या दिवशी पडली तर दोष प्रेक्षकांना देता येत नाही.

पैसे भरण्याआधी हे विचारा

शिकवणारी व्यक्ती सध्या स्वतः स्टेजवर जाते का? तिचा एखादा पूर्ण सेट बघायला मिळेल का? बॅचमध्ये किती जण असतील? दहा-बाराच्या वर गेले तर तुमच्या मजकुरावर कुणी बसून काम करणार नाही, सरळ गणित आहे. दोन दिवसांत प्रत्येकाला किती वेळा उभं राहायला मिळेल? दिवसभर स्लाइड आणि शेवटी एकदाच स्टेज असेल, तर तेवढं पुस्तकातही मिळतं. वर्कशॉपनंतर ओपन माइकचे स्पॉट मिळायला मदत होते का, की हातात फक्त सर्टिफिकेट? हे सर्टिफिकेट कुठल्याही क्लबच्या दारात कुणी विचारत नाही.

मुलींनी आणखी एक गोष्ट विचारावी: शो किती वाजता संपतो आणि लाइनअपमध्ये आणखी बायका आहेत का? ओपन माइक रात्री रंगतो. वीस नावांत एकटीच बाई असली तर आधीच्या चार पुरुषांचे 'बायको' जोक ऐकून झाल्यावर तिला माइक मिळतो. लवकरचा स्पॉट मागणं यात लाजण्यासारखं काही नाही.

पैसे नसतील तर? पाच ओपन माइक प्रेक्षक म्हणून बघा, काही ठिकाणी ते फुकटही असतात. कोणते जोक पडले आणि का, हे वहीत लिहा. वर्कशॉपचा निम्मा अभ्यासक्रम तिथेच होतो. उरलेला निम्मा म्हणजे तुमचा मजकूर कापणारी तिऱ्हाईत नजर, आणि पैसे खरं तर तिचेच असतात.

हसायचं कुणावर?

नवख्यांच्या पहिल्या सेटमध्ये ठरलेले गिऱ्हाईक असतात: बायको, जाडा मित्र, आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणणारा. वर्गात हशा येतोही, कारण जोक ओळखीचा असतो. पण 'पानी' म्हणणारा बहुतेक त्याच हॉलमध्ये बसलेला असतो आणि आयुष्यभर हे ऐकून कंटाळलेला असतो. तोच उठून माइक घेतो आणि पुण्याच्या होस्टेलवर आपलं 'पानी' दुरुस्त करणाऱ्यांवर पाच मिनिटं बोलतो, तेव्हा खोली वेगळीच हसते. चांगला शिक्षक इथे नैतिकतेचं भाषण देत नाही. तो एवढंच विचारतो, "हे तू ऐकलेलं आहेस की तुझं आहे?"

धर्म आणि राजकारण यांवर बोलायचं असेल तर कायद्याचं भान हवं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २९९ मध्ये धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याचा गुन्हा आहे आणि कलम ३५६ मध्ये बदनामीचा. १ जानेवारी २०२१ ला मुनव्वर फारुकीला इंदूरमध्ये शोच्या ठिकाणाहून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो ५ फेब्रुवारीला, म्हणजे महिनाभर तो तुरुंगात होता. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या खार इथल्या हॅबिटॅट या जागेची तोडफोड केली. म्हणजे किंमत कधी कधी ज्याने जोक केला त्याच्यासोबत ज्याने स्टेज दिलं त्यालाही मोजावी लागते. छोट्या जागांचे मालक आता आधीच विषय विचारतात ते यामुळे.

नवख्याला धोका खरा आहे तो मोबाइल कॅमेऱ्याचा. अर्धवट शिजलेला जोक, तीस सेकंदांची क्लिप, मागचा-पुढचा संदर्भ गायब. ओपन माइक ही तालीम आहे, म्हणून तिथला व्हिडिओ स्वतःच घाईघाईने अपलोड करू नका. आयोजकाने रेकॉर्ड केला असेल तर तो विचारल्याशिवाय टाकणार का, हे स्टेजवर जाण्याआधी विचारून घ्या.

वर्कशॉप संपलं, आता?

पुढचा ओपन माइक त्याच आठवड्यात लावा, मध्ये महिना गेला की भीती परत पहिल्याएवढी होते. नावनोंदणी बहुतेक ठिकाणी इन्स्टाग्रामवरच्या फॉर्मने किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि पटकन भरते. काही ठिकाणी परफॉर्म करणाऱ्याकडूनही पैसे घेतात, काही ठिकाणी सोबत दोन प्रेक्षक आणायची अट असते. आधी विचारा. अर्धा तास लवकर पोहोचा, तळहातावर पाच शब्द लिहा, पूर्ण सेट पाठ म्हणू नका. स्वतःचं झालं की बॅग उचलून निघू नका, शेवटचा माणूस बोलेपर्यंत बसा. त्याच्यासमोर तेव्हा जेमतेम चार खुर्च्या भरलेल्या असतात, आणि पुढच्या आठवड्यात शेवटचा नंबर तुमचा असू शकतो.